आईने कोरवलेला राजधर्म : वैनगंगेचे खोरे, सातवाहन आणि रोम

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी ज्या वैनगंगेच्या खोऱ्यात वसले आहे, त्या खोऱ्याचे प्राचीन केंद्र शेजारच्या तालुक्यातील पवनी हे होते. तेथे १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांनी केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि दात्यांची नावे कोरलेले कठड्याचे दगड मिळाले. पवनीलाच रुपिअम्म नावाच्या महाक्षत्रप कुमाराचा छायास्तंभ, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ, सापडला आहे. महाक्षत्रप ही शक राज्यकर्त्यांची पदवी असल्याने शक सत्तेचा हात इथवर पोहोचला होता, याचा तो पुरावा होय. म्हणूनच नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील प्राकृत लेखात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या प्रदेशांमध्ये विदर्भाचे नाव येते, तेव्हा त्या उल्लेखाला वैनगंगाकाठी विशेष वजन प्राप्त होते.

हा लेख गौतमीपुत्राच्या मृत्यूनंतर, त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, गौतमीपुत्राची आई राजमाता गौतमी बलश्री हिने कोरवला. त्यात मुलाच्या विजयांचे वर्णन आहेच. परंतु तो प्रजेच्या सुखदुःखात सहभागी असे, धर्माला धरूनच कर घेई, अपराधी शत्रूचीही हत्या त्याला रुचत नसे आणि तो आईची अखंड सेवा करी, असेही ती सांगते. सत्तेला मर्यादा घालणारे गुण पराक्रमाच्या बरोबरीने मोजले जावेत, हा या प्रशस्तीचा खरा मोठेपणा आहे. त्याच लेखात शकांच्या क्षहरात कुळाचा समूळ उच्छेद केल्याचा अभिमानही आहे, आणि क्षमेच्या स्तुतीशेजारी तो वाचताना मनाला बोचल्याशिवाय राहत नाही.

सत्तेला मर्यादा कोणत्या गुणांनी घालायची, हा प्रश्न रोममध्येही तीव्रतेने विचारला गेला होता. लॅटिनमधील ‘विर्तुस’ हा सद्गुणवाचक शब्द ‘विर’ म्हणजे पुरुष यापासून आला असून आरंभी त्याचा अर्थ पौरुष असाच होता. इसवी सनापूर्वी २७ मध्ये सेनेटने, म्हणजे रोमच्या ज्येष्ठ सरदारांच्या सभेने, पहिला सम्राट ऑगस्टस याला अर्पण केलेल्या सुवर्णढालीवर या गुणासोबत क्षमा, न्याय आणि कर्तव्यनिष्ठा यांचा गौरव होता, व ऑगस्टसने स्वतःच्या आत्मवृत्तात तो आवर्जून नोंदवला. तेथे सत्ताधीश स्वतःचे गुण सांगतो, तर नाशिकला त्याच्या पश्चात आई सांगते. हा फरक लहान नाही. तत्त्वज्ञ सेनेकाने तरुण सम्राट नीरोसाठी क्षमेवर ग्रंथ लिहिला, आणि इसवी सन ६५ मध्ये त्याच नीरोच्या आज्ञेने त्याला प्राण द्यावे लागले.

सत्तेच्या मर्यादांप्रमाणे मैत्रीच्या मर्यादांचाही विचार रोममध्ये झाला. मैत्रीविषयी रोमन वक्ता सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये, सीझरच्या हत्येनंतरच्या धामधुमीत, खरी मैत्री सज्जनांमध्येच संभवते आणि मित्राकडे लाजिरवाणी गोष्ट मागू नये, असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी सिसेरोचीही हत्या झाली. आपल्याकडे इसवी सन १५० च्या जुनागढ शिलालेखात शक महाक्षत्रप रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा जिंकूनही जवळच्या नात्यामुळे आपण त्याचा नाश केला नाही. मैत्रीची ही तात्त्विक मीमांसा नसली, तरी सोयरिकीने शस्त्र आवरल्याची ती स्पष्ट कबुली आहे.

बलश्रीचा नाशिकचा लेखही मुळात दानपत्र आहे: तिने ते तिसरे लेणे भदावनीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दिले, आणि नातू पुळुमावीने त्या लेण्यासाठी पिसाजिपदक हे गाव लावून दिले.