जलोपचार
* हा शब्द झरीवरचे न्हाणे, आयुर्वेदातील अवगाह आणि पाण्यातला व्यायाम या तिन्हींसाठी सरसकट वापरला जातो. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात धारगळला २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था असल्याने पेडण्याच्या वाचकासाठी तरी ही गल्लत दूर करायला हवी. चरकसंहितेतल्या १३ स्वेदांपैकी अवगाह म्हणजे कोमट काढ्यात बसून राहणे. पाण्यातल्या व्यायामाचा गुण मात्र पाण्याच्या औषधीपणात नसून त्याच्या उचलण्यात आणि अडवण्यात आहे: कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा सुमारे निम्माच भार येतो, छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश, आणि प्रत्येक हालचालीला होणारा विरोध स्नायूंना कामाला लावतो. २०१६च्या कॉक्रेन आढाव्यात १३ चाचण्यांवरून गुडघ्याच्या व खुब्याच्या झिजेच्या संधिवातात फायदा दिसला, पण थोडा आणि अल्पकाळचा. यातला ‘थोडा’ वाचकाने गाळू नये. हरमल-मोरजीचा समुद्र हाकेवर असताना बांधीव तलाव कशाला, असा आक्षेप निघेल. पण लाटेत आणि सरकत्या वाळूत दुबळा पाय टेकवायचा कुठे? डिचोलीकडच्या पाणी साठलेल्या खाणखड्ड्यांचे तर नावच नको. सपाट तळ, हाताशी कठडा, ३३-३४ अंशांचे पाणी आणि शेजारी फिजिओथेरपिस्ट एवढे असेल, तरच जलोपचार हा शब्द अशा व्यायामाला लागू पडतो. जखम ओली असेल तर तेव्हाही नाही.