गोधडीचे वय

वस्तूचा काल निश्चित करणे हे वस्त्रेतिहासाच्या अभ्यासकास आपले पहिले कर्तव्य वाटते. गोधडीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न मुळातच चुकीच्या रीतीने विचारला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी असलेले खराडी हे गाव १९९७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तत्पूर्वी ते हवेली तालुक्यातील एक शेतीप्रधान गाव होते. घटस्थापनेपूर्वी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे नदीवर धुऊन काढावयाची, हा या प्रदेशातील जुना रिवाज. आपटून धुताना टाके उसवत, कापड कोठे विरले ते उघडे पडे; आणि थंडीची चाहूल लागताच त्याच गोधड्या पुन्हा हाती घेतल्या जात. अगदी जीर्ण झालेली गोधडीही सहसा टाकीत नसत. तिच्या वर-खाली नवे लुगडे (नवे म्हणजे कमी जुने, एवढाच अर्थ) घालून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जात. जुनी गोधडी अशा रीतीने नवीच्या पोटात जाई. वरचा पदर पॉलिएस्टरच्या साडीचा, त्याखाली सुती नऊवारी आणि त्याच्याही आत धोतराचे तुकडे, अशा गोधडीस कोणते एक साल द्यावे?

भाषेचा पुरावा येथे उपयोगी पडतो. ‘गोधडी’ला हिंदीत ‘गुदडी’ व गुजरातीत ‘गोदडी’ असे भाईबंद आहेत. ‘वाकळ’ संस्कृत ‘वल्कला’शी जोडण्यात येते. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत हे दोन्ही शब्द आढळतात. संस्कृत ‘कंथा’ बंगालीत ‘काँथा’ होऊन घरोघर नांदली, मराठीत मात्र ती ग्रंथांपुरती उरली. परंतु व्युत्पत्तीहून प्रयोग अधिक बोलका आहे. आजीच्या लुगड्याचा एक धागाही वर दिसत नसताना ‘आजीची गोधडी’ असे म्हणतात. ही षष्ठी दिसणाऱ्या कापडाची नव्हे, परंपरेची आहे.

स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये कंथेवर लेख लिहिला आणि बंगालच्या चित्रमय भरतकामाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. चित्रे नसलेली आमची गोधडी त्या कुतूहलास पारखी राहिली. तिला संग्रहालयात ठेवावे, तर नवे टाके थांबतात. घरी ठेवावे, तर प्रत्येक नव्या पदराबरोबर जुना पुरावा अधिक खोल झाकला जातो. खराडीच्या शेतांवर आज उंच इमारती उभ्या आहेत आणि तयार ब्लँकेट दुकानात सहज मिळते. कोणत्या गोधडीत कोणाचे लुगडे आहे, हे सांगणारी पिढी वृद्ध झाली आहे. अभ्यासासाठी टाके उसवणे म्हणजे वस्तूच मोडणे होय. म्हणून थंडीत एखाद्या घरी दुरुस्तीसाठी गोधडी आपसूक उघडली जाते, तेव्हाच विद्यार्थ्यांनी तेथे जावे. पदरांचा क्रम, काठांची वीण आणि शिवणारीचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्यावेत, आणि मग तिला तिचे काम पुरे करू द्यावे.