आरपार दगड

किल्लारीत तुम्ही पोचता तेव्हा उजाडलंय. तारीख 30 सप्टेंबर 1993. काल अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा निजलं आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. तुम्ही वास्तुविशारद आहात, पण भिंती नंतर बघा. आधी पाटी घ्या, माती उपसू लागा.

दुपारी बघा. दोन-अडीच फूट रुंद भिंत, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे चिखल आणि कपच्या. दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला तशी भिंत पोटातून फुगली, फाटली, आणि दरसाल माती चढवून जड झालेलं माळवद खाली आलं. पलीकडे मात्र एका घराच्या भिंती ढासळल्यात, पण लाकडी खांब-तुळया उभ्याच आहेत. हे मनात ठेवा. कारण उद्यापासून जो तो म्हणेल, दगड नको, लाकूड नको, स्लॅब द्या. ती भीती खरी आहे. दोष मात्र बांधणीचा आहे, दगडाचा नाही.

आता 1994. पत्र्याच्या तापलेल्या शेडात नव्या गावाचा नकाशा पसरलाय. 52 गावं जुनी जागा सोडणार. सरळ रुंद रस्ते, सारखे चौकोन, आणि ज्याची जेवढी जमीन त्या मानानं 250, 400 किंवा 750 चौरस फुटांचं घर. रस्ते रुंद हवेत, अरुंद बोळांत पुन्हा कुणी अडकू नये, हे पटण्यासारखंच आहे. एक आजी नकाशावर बोट ठेवते. "सायेब, माझी जाऊ कुठं ऱ्हाणार ह्यात? जनावरं कुठं बांधू? बळद कुठं?"

इथे घाई करू नका. अख्ख्या पुनर्वसनात मला सगळ्यात जास्त सलतो तो हा क्षण. जुन्या गल्लीत हाक मारली की जाऊ, नणंद, शेजारीण ओसरीवर यायची. आपलं माणूस गमावलेल्या बाईला त्या ओसरीची गरज स्लॅबइतकीच होती. सारख्या चौकोनांच्या त्या आखणीत ती उरली नाही. पुढे लोकांनी स्वतःच पायऱ्या, ओटे, पत्र्याचे आडोसे जोडून घरं आपलीशी केली.

म्हणून 1995 मधेही या. न पडलेली, तडकलेली जवळपास 2 लाख घरं जागेवरच मजबूत करायची आहेत. गावोगावी बायका संवाद सहाय्यक झाल्यात, घरमालकांना काम समजावतायत. भिंतीत आरपार भोक पाडायचं, सळईचा आकडा ठेवून काँक्रीट भरायचं, माळवदावरची जादा माती उतरवायची. तुम्ही त्यांच्याबरोबर बसा. भोक खरंच बाहेर निघालं का, सळई मधोमध आहे का, रोज पाणी मारलं जातं का, हे घरच्या बाईनं तपासायला हवं. गवंड्याला काम थांबवायला सांगायचा अधिकारही तिचाच.