घरातील संगणक आणि मुलाचा वाटा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पालक घरून नोकरीचे काम करीत असताना मुलासाठी स्वतंत्र संगणक घ्यावा काय, हा प्रश्न २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत एकाएकी उभा राहिला. त्याची चर्चा प्रामुख्याने ऐपत आणि शिस्त या अंगांनी झाली. प्रस्तुत लेखात त्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. घरून करावयाचे काम आणि मुलाचा संगणक या दोन गोष्टी घरात वेगवेगळ्या वाटांनी आल्या आणि दीर्घकाळ त्यांची गाठच पडली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अपत्यसंगोपनासाठी नोकरी सोडाव्या लागलेल्या संगणकतज्ज्ञ स्त्रियांना घरबसल्या काम देता यावे, म्हणून स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ ही कंपनी काढली. कामासाठी घरी दूरध्वनी लागे; संगणकाचा प्रश्नच नव्हता. आज्ञावली पेन्सिलीने कागदावर लिहिली जाई, टपालाने संगणक केंद्राकडे जाई आणि तेथे कागदी पट्टीवर किंवा कार्डांवर छिद्रे पाडून यंत्राला पुरविली जाई. ग्राहकाचा दूरध्वनी आला की घरातील गलबला झाकण्यासाठी शर्ली टंकलेखनाच्या आवाजाची ध्वनिफीत लावीत. आईच्या कामात मुलाचे स्थान होते ते एवढेच : लपविण्याजोगा आवाज. यंत्रावरून ओढाताण होण्याचे कारण नव्हते, कारण यंत्र घरात नव्हतेच.

ते आले वीस वर्षांनी, आणि मुख्यतः मुलांच्या निमित्ताने. डिसेंबर १९८१ मध्ये ‘बीबीसी मायक्रो’ आणि एप्रिल १९८२ मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ बाजारात आला. स्पेक्ट्रमच्या १६ के आवृत्तीची किंमत १२५ पौंड होती. पालकांनी तो शिक्षणाच्या नावाने घेतला आणि मुलांनी त्यावर बहुतांशी खेळ खेळले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण हे ‘स्वतःचे’ यंत्र घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडावे लागे. म्हणजे यंत्र मुलाचे असले तरी पडदा कुटुंबाचाच होता!

भारतात संगणकाची पहिली ओळख घराबाहेर झाली. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो देण्यात आले. महाराष्ट्रात २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’मुळे असंख्य लोक संगणकासमोर बसले, तेही प्रशिक्षण केंद्रांत. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांच्या घरी पुढे लॅपटॉप आला, तो पुष्कळदा कंपनीच्या मालकीचा. त्याला मुलाने हात लावणे सामान्यतः नियमबाह्यच असे.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली आणि कार्यालय व शाळा एकाच घरात, एकाच वेळी भरू लागली. संघर्ष मालकीपेक्षा वेळेचा होता. जुलै २०२० मधील केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोन आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे ही मर्यादा घातली. परंतु नेमकी तीच सत्रे पालकांच्या बैठकींच्या वेळी येत. दोन भावंडे असल्यास गुंता वाढे.

येथे आकडेवारीची एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी भागात २३.४, ग्रामीण भागात ४.४ टक्के. मोजणीचे एकक ‘कुटुंब’ आहे. घरातील एकमेव संगणक आईच्या वा वडिलांच्या कामात दिवसभर गुंतलेला असला तरी ते घर ‘संगणक असलेले’च ठरते, आणि त्या घरातील मूल या आकड्यात दिसतच नाही. ‘प्रज्ञाता’मधील साधनांची वर्गवारीही घरांनुसारच होती.

दिल्ली उच्च न्यायालयाचा १८ सप्टेंबर २०२० चा निर्णय म्हणूनच वेगळा ठरतो. खासगी शाळांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या विद्यार्थ्यांना साधन व इंटरनेट पुरवावे, असा आदेश न्यायालयाने दिला. त्यात हक्काचा धारक घर नसून विद्यार्थी होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आदेशास स्थगिती दिली.