मूत्रपिंडाचे मौन

दिवाळीच्या फराळाबरोबर मूत्रपिंडाचा विषय वाढणे म्हणजे चकलीच्या ताटात कारल्याची फोड ठेवण्यासारखे आहे, असे काही वाचकांना वाटेल. वाटू दे. घरातली सारी माणसे एका छपराखाली जमतात ती याच चार दिवसांत, आणि मला सांगावयाची आहे ती हकीकत सर्वांनी मिळून वाचावी अशी आहे. मी डॉक्टर नव्हे. वैद्यकाचा जुना इतिहास वाचण्याची मला आवड आहे, एवढाच माझा अधिकार.

दात दुखला तर तो सारे घर डोक्यावर घेतो. पोट बिघडले तर तासाभरात कळवते. मूत्रपिंडाचे तसे नाही. त्याचे निम्मे काम बंद पडले तरी ते ब्र काढीत नाही. धनी हिंडतोफिरतो, लग्नाच्या पंगतीत जिलबी मागून घेतो, आणि आत एकेक दिवा विझत असतो. या मुक्या अवयवाला बोलते कसे करावे, हे समजून घेण्यात माणसाची दोन शतके गेली. मौज अशी की, त्या कामातील एक मोठा वाटा पाटण्याहून विलायतेस गेलेल्या एका माणसाच्या नातवाचा आहे.

आधी हे मौन कशामुळे, ते पाहू. पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात, त्यातला बहुतेक सगळा पुन्हा शरीराला परत देतात, आणि अवघा दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. क्षारांचा तोल राखणे, रक्तदाबाला लगाम घालणे, तांबड्या पेशी तयार करण्याचा हुकूम अस्थिमज्जेला पाठविणे, ही कामेही त्यांचीच. निसर्गाने इथे सढळ हाताने शिल्लक ठेविली आहे. एक मूत्रपिंड दान करूनही माणूस चांगला जगतो, तो याच शिलकीवर. पण तीच शिल्लक आजार लपवून ठेवते. काही गाळण्या निकामी झाल्या की उरलेल्या मुकाट्याने जादा काम उपसतात, आणि त्या श्रमाने त्याही झिजतात.

जुन्या वैद्यांचे लक्ष लघवीकडे नव्हते, असे मात्र नाही. आपल्या आयुर्वेदात प्रमेहाचा आणि शोथाचा विचार तपशीलवार केलेला आहे. मधुमेह हा शब्दच मुळी लघवीच्या गोडीवरून आला. युरोपात लघवीची काचेची सुरई उजेडात धरून रंग आणि गाळ पाहणे ही तर वैद्याची ओळखच होऊन बसली होती. चित्रातला वैद्य हातातल्या त्या सुरईवरूनच ओळखावा. परंतु अंगावरची सूज आणि मूत्रपिंडाचा बिघाड यांची गाठ नीट बांधलेली नव्हती. 1764 साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी अंग सुजलेल्या एका सैनिकाची लघवी तापविली, तेव्हा ती अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे गोठली. धागा सापडला होता. तो कोठे जातो हे कळावयाचे होते.

लंडनमध्ये गाय्ज नावाचे रुग्णालय आहे. टॉमस गाय नावाच्या पुस्तकविक्रेत्याने आपल्या पैशातून ते 1721 साली स्थापन केले. तेथे रिचर्ड ब्राइट हे डॉक्टर होते. जन्म 1789 चा, ब्रिस्टलचा. तरुणपणी आइसलंडची सफर केलेली, हंगेरीच्या प्रवासावर जाडजूड ग्रंथ लिहिलेला. म्हणजे डोळे उघडे ठेवून पाहण्याची सवय जुनी. अंग सुजलेले गोरगरीब रुग्ण त्यांच्याकडे येत. ब्राइट त्यांची लघवी चमच्यात घेत आणि चमचा मेणबत्तीवर धरीत. ती पांढरी होऊन गोठली की नोंद करीत. पुढे तो रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करून मूत्रपिंडे पाहत. ती खडबडीत, कणीदार, कधी आक्रसून लहान झालेली आढळत. जिवंतपणी सूज, चमच्यात पांढरा साका आणि मृत्यूनंतर बिघडलेले मूत्रपिंड, या तीन गोष्टी 1827 साली त्यांनी एका सूत्रात ओवल्या. चमच्यात गोठे ते अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले प्रथिन. गाळणी फाटल्यावाचून ते लघवीत फारसे उतरत नाही. 1842 साली रुग्णालयाने केवळ या रुग्णांसाठी दोन कक्ष आणि 42 खाटा राखून ठेवल्या. पुढे शंभर वर्षे जग या दुखण्याला ‘ब्राइटचा रोग’ म्हणून ओळखीत होते.

तथापि एक उणीव राहिलीच. ब्राइट यांचे रुग्ण सुजून आलेले असत. म्हणजे घर निम्मे जळाल्यावर धूर दिसावा तसे. त्याआधी काही खूण मिळेल काय?

इथे पाटण्याचा संबंध येतो. 1759 साली तेथे जन्मलेले दीन महंमद कंपनी सरकारच्या फौजेत होते. 1784 साली ते आयर्लंडला गेले. इंग्रजीत पुस्तक लिहून छापणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. पुढे ब्रायटन येथे त्यांनी स्नानगृह काढले आणि साहेबलोकांना आपली चंपी शिकविली. शाम्पू हा शब्द त्या चंपीच्याच गोतातला. खुद्द चौथ्या जॉर्ज राजाची मर्जी त्यांच्यावर होती. त्यांचे नातू फ्रेडरिक अकबर महोमेद, जन्म 1849. ते शिकले आणि नोकरीस लागले ते याच गाय्ज रुग्णालयात.

आजोबांनी अंग रगडले, नातवाने नाडी धरली. आपल्याकडेही नाडीपरीक्षेचे केवढे प्रस्थ! परंतु अकबर महोमेद यांना बोटांची साक्ष पुरेशी वाटेना. नाडीचा ठोका कागदावर रेखाटणारे यंत्र त्यांनी विद्यार्थिदशेतच सुधारले. लोहितज्वराच्या रुग्णांच्या नाडीचे आलेख काढताना त्यांच्या ध्यानात आले की, लघवीत अल्ब्युमिन उतरण्याच्या आधीच नाडीवरील दाब वाढलेला असतो. 1874 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे आणखी एक पाऊल टाकून त्यांनी सांगितले की, धडधाकट दिसणाऱ्या, कसलीही तक्रार नसणाऱ्या माणसांतही असा वाढलेला दाब असतो, आणि तोच पुढे हृदय व मूत्रपिंड यांचा घात करतो. दाब मोजण्याची आपल्या परिचयाची दंडाला बांधावयाची पट्टी 1896 साली इटलीत रिव्हा-रोची यांनी केली. ती पाहावयास महोमेद उरले नव्हते. 1884 साली विषमज्वराने त्यांचा अंत झाला. वय अवघे 35.

मेणबत्तीने लघवी बोलली, यंत्राने नाडी बोलली. राहिले रक्त. 1886 साली जर्मनीत माक्स याफे यांनी क्रिएटिनिनला रंग आणणारी रासायनिक क्रिया शोधली. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा केर. मूत्रपिंड तो बाहेर टाकते. केर साचू लागला की झाडणारा थकला, असे समजावे. मात्र बारीक चणीच्या वृद्ध बाईच्या अंगात मुळात केर थोडा. तिचा आकडा चांगला दिसूनही मूत्रपिंड थकलेले असू शकते. म्हणून आज वय आणि लिंग हिशेबात धरून गाळण्याचा वेग काढतात.

उशीर झाला तर काय होते, हेही इतिहासाने दाखविले आहे. 1943 साली जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन आवरणाची नळी वापरून कृत्रिम मूत्रपिंड केले. 1960 साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची बसविता येणारी टेफ्लॉनची नळी काढली. तिच्या बळावर क्लाइड शील्ड्स नावाचा कामगार आणखी 11 वर्षे जगला. पण यंत्रे मोजकी, रुग्ण पुष्कळ. तेव्हा तेथे सात नागरिकांची समिती नेमली गेली. यंत्र कोणाला द्यावयाचे, हे तिने ठरवावयाचे. कोणाची मुले किती, कोणाची नोकरी कसली, हे पाहून कोण जगणार हे ठरू लागले! दिव्याखाली बसून ही यादी करणाऱ्या त्या गृहस्थांना झोप कशी लागत असेल, हा प्रश्न मला आजही सुटत नाही. 1972 साली अमेरिकेने कायदा करून सरकारी खर्चाने डायलिसिसची सोय केली. आपल्याकडे 1971 साली वेल्लोरला जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले, 1994 साली अवयवरोपणाचा कायदा आला, आणि 2016 साली जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना डायलिसिस मोफत देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तरीही आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास यंत्राशी बांधलेले आयुष्य घरातल्या सर्वांनाच बांधून ठेवते. औषधाचा पैसा एका बाजूला, मुडलेला रोजगार दुसऱ्या बाजूला.

2002 साली तज्ज्ञांनी व्याख्या पक्की केली. गाळण्याचा वेग मिनिटाला 60 मिलिलिटरपेक्षा कमी, किंवा लघवीत अल्ब्युमिनसारखी इजेची खूण, आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेले असेल, तर तो मूत्रपिंडाचा जुनाट विकार. त्याच्या पायऱ्या पाच. वेग 15 च्या खाली गेला की शेवटची. एका तपासणीवरून घाबरून जाऊ नये, आणि एका चांगल्या आकड्यावर कायमचे विसंबूही नये, हे त्या तीन महिन्यांचे तात्पर्य.

धोका कोणाला? मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांना सर्वांत अधिक. ज्यांच्या घरात हा आजार झाला आहे त्यांना, मूतखड्याने वारंवार बेजार होणाऱ्यांना, वृद्धांना, आणि गुडघेदुखीवर वर्षानुवर्षे मनानेच गोळ्या घेणाऱ्यांनाही. लघवीला न विरणारा फेस, रात्री पुन्हापुन्हा उठावे लागणे, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज, थकवा, अन्नावरची वासना उडणे, अंगाला खाज, धाप, ही लक्षणे खरी. पण यांतली पुष्कळशी उशिरा येणारी. त्यांची वाट पाहणे म्हणजे ब्राइट यांच्या काळात परत जाणे होय.

आणि आता लवकर कळण्याला अर्थही आला आहे. कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचे औषध मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडाचा ऱ्हास मंद करते, हे 1993 साली सिद्ध झाले. अलीकडच्या काही वर्षांत मधुमेहासाठी निघालेली आणखी काही औषधेही हेच काम करताना आढळली आहेत. गेलेली गाळणी परत येत नाही. उरलेली राखता येते.

तेव्हा फराळ जरूर करावा. शेव-चिवड्यातल्या मिठाकडे जरा लक्ष असू द्यावे. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि पाहुणे पांगण्यापूर्वी घरातल्या मधुमेही काकांना, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आईला एवढेच विचारावे, “यंदा लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन पाहिलेत का?” नसेल, तर भाऊबीज उरकल्यावर त्यांना स्वतः बरोबर घेऊन जावे. वर्षातून एकदाची ही तपासणी. तिला फार तर एक सकाळ लागते.