ड्यूकचे नाव राहिले, विणकरांचे का नाही?

फ्रान्सच्या पश्चिमेला मेन नदीकाठी आंजे शहराचा किल्ला आहे. तेराव्या शतकात उभारलेला, १७ बुरुजांचा. लोक तिथे जातात ते मुख्यतः आतली टॅपेस्ट्री पाहायला. टॅपेस्ट्री म्हणजे रंगीत लोकरीने मागावर विणलेली चित्रे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला जगाचा अंत इथे विणला आहे. मूळच्या सुमारे ९० दृश्यांपैकी ७१ उरली आहेत, तरी लांबी १०० मीटरच्या आसपास भरते.

ही कुणाची? उत्तर तयार असते : आंजूचा ड्यूक पहिला लुई, राजा पाचव्या चार्ल्सचा भाऊ. चित्रे काढणाऱ्या राजचित्रकाराचे नाव माहीत आहे. काम करवून घेणाऱ्या व्यापाऱ्याचेही माहीत आहे. पण वर्षानुवर्षे मागावर बसलेल्या विणकरांची नावे इतिहासाने जपली नाहीत.

आता काळ पाहा. हे काम १३७७ ते १३८२ च्या दरम्यान चालले. इंग्लंडशी शंभर वर्षांचे युद्ध सुरू होते. हाच लुई दक्षिण फ्रान्सचा कारभारी होता. त्याच्या करांना कंटाळून १३७९ मध्ये माँपेलिए शहर पेटून उठले. लुईने आधी शेकडो लोकांना मृत्युदंड ठोठावला, नंतर शिक्षा सौम्य केली. अखेर राजाला त्याला तिथून हटवावे लागले. आणि टॅपेस्ट्रीत काय आहे? उन्मत्त बॅबिलोन नगरीचा नाश! जुलमी सत्ता कोसळल्याचे चित्र एका जुलमी सरदाराच्या दालनाची शोभा झाले. धर्मग्रंथातला न्याय भिंतीवर टांगून ठेवायचा आणि बाहेर रयत पिळायची, ही रीत फक्त आपल्याकडची नाही.

पुढे अठराव्या शतकात याच टॅपेस्ट्रीचे तुकडे झाले. संत्र्याची झाडे थंडीपासून झाकायला आणि घोड्यांच्या तबेल्यात ते वापरले गेले. एकोणिसाव्या शतकात ते गोळा करून पुन्हा जोडले. नंतर दिसले की मागची बाजूही पुढच्याइतकीच सफाईने विणलेली आहे आणि तिचे रंग जास्त टिकले आहेत. जी बाजू कुणी पाहणार नव्हते, तिथेही विणकरांनी कसूर केली नव्हती.

नाव टिकणे ही किरकोळ गोष्ट नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर महार शिपायांची नावे कोरलेली आहेत, म्हणून आपण ती आजही वाचू शकतो. आंजेच्या विणकरांना तेवढेही मिळाले नाही. म्हणून कुठलाही किल्ला पाहताना ‘कुणी बांधला?’ एवढ्यावर थांबू नका. ‘कुणाच्या हातांनी आणि कुणाच्या पैशांनी?’ हेही विचारा.

जय भीम!