प्रशियाची सुईची बंदूक व तिचें दप्तरी नांव

जुन्या कागदांत वस्तूचें नांव मिळालें म्हणजे वस्तूची ओळख पटली, अशी आपणां सर्वांचीच समजूत असते. तीस धक्का देणारें एक उदाहरण युरोपच्या शस्त्रेतिहासांत आहे. प्रशियाच्या सैन्यानें १८४१ सालची म्हणून जी बंदूक स्वीकारली, तिचें सरकारी नांव ‘हलकी टोपीची बंदूक’ असें होतें. त्या काळीं टोपीची बंदूक म्हणजे तोंडाकडून ठासावयाची व घोड्याच्या आघातानें बाहेरची टोपी फुटून उडणारी. प्रस्तुत बंदूक ठासणीची नव्हती, व तिला बाहेर टोपीही नव्हती.

तिचा कर्ता योहान निकोलाउस ड्रायझे (जन्म १७८७) हा झोमर्डा गांवच्या एका कुलुपें करणाऱ्या कारागिराचा मुलगा. तरुणपणीं त्यानें पॅरिस येथें पाउली याच्या हाताखालीं काम केलें. मागून भरावयाची बंदूक पाउलीनें १८१२ सालींच सिद्ध केली होती. ड्रायझेच्या पहिल्या सुईच्या बंदुका मात्र तोंडाकडूनच भरीत. १८३६ च्या सुमारास त्यानें नळीच्या मागें सरकता दांडा बसविला. दाराची कडी उचलून मागें ओढावी, पुढें ढकलून पुन्हां खालीं पाडावी, तशीच त्याची क्रिया. कुलूपवाल्याच्या घरचें हें बीज असावें असें आम्हांस वाटतें. अर्थात् हा तर्कच समजावा.

खरी मौज काडतुसांत आहे. कागदी वेष्टनांत मागें दारू, पुढें लगद्याच्या बैठकींत बसविलेली गोळी, आणि त्या बैठकीच्या बुडाशीं स्फोटक द्रव्य. चाप ओढतांच लांब सुई कागद व दारू भेदून त्या द्रव्यावर आदळे. म्हणजे टोपी होती, पण काडतुसाच्या पोटांत! दप्तरी नांव सर्वस्वीं खोटें होतें असें म्हणतां येत नाहीं. हें काडतूस दांतांनीं तोडावें लागत नसे. १८५७ त आपल्याकडे ज्यांवरून असंतोष भडकला, तीं एन्फील्डचीं काडतुसें ठासणीच्या बंदुकीचीं होतीं. ड्रायझेच्या रचनेंतही दोष होतेच. सांध्यांतून धूर व ज्वाळा निघत. सुई स्फोटांत सांपडून खराब होई, म्हणून शिपाई जादा सुया बाळगीत.

१८४० मध्यें ६०,००० बंदुकांची मागणी देण्यांत आली, ती गुप्तपणें. पुढें १४ जून १८४८ रोजीं बर्लिनच्या शस्त्रागारावर जमाव चालून गेला, कांहीं बंदुका लोकांच्या हातीं पडल्या व गुपित फुटलें. तरीही ‘सुईची बंदूक’ हें नांव सरकारी रीतीनें १८५५ मध्यें आलें. केवळ नांवावर विसंबणारा अभ्यासक या शस्त्राचा प्रारंभ चौदा वर्षें पुढें ढकलील.

३ जुलै १८६६ रोजीं कोनिग्रेट्स येथें प्रशियाचे शिपाई निजूनही बार भरीत होते. ऑस्ट्रियाच्या शिपायास ठासण्यासाठीं उभें राहावें लागे. तथापि ऑस्ट्रियाच्या बंदुकीचा पल्ला अधिक होता व तोफखाना सरस होता. सर्व यश सुईस देणें आम्हांस मान्य नाहीं. फ्रेंचांनीं त्याच वर्षीं शासपोची बंदूक घेतली. तींत रबराच्या कड्यानें सांधा बंद होई, आणि नळी १५.४ ऐवजीं ११ मिलिमीटरची होती. बंदूक सरस असूनही १८७०-७१ त फ्रान्स हरलें. १८७१ च्या माउझर बंदुकींत धातूचें काडतूस आलें. बार उडतांना टरफल फुगून स्वतःच सांधा बंद करी. लांब सुई गेली. सरकता दांडा राहिला.